पैलवानाची सुकट

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१ एप्रिल २०२०

शालूअक्का,

तुमचा पैलवान जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं पत्र न वाचता फाडून टाकलंत तरी चालेल.

हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या हंबीररावांच्या हाती देते आहे. ते पहाटे गारगोटीकडचं दूध घेऊन शहरात येतात आणि दुपारी रिकामे कॅन घेऊन परत जातात. तुमच्या क्रांतीचं सासर त्यांच्याच गल्लीत आहे म्हणे. फोन करता आला असता. पण सात वर्षांपूर्वी तुम्ही चारचौघांसमोर मला म्हणालात, "मल्लव्वा, आजपासनं तुझा आवाज माझ्या कानावर पडता कामा न्हाय." म्हणून आवाज पाठवत नाही, कागद पाठवते.

क्रांतीला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून बाळंतपणाला तुम्हीच तिच्याकडे गेलात, हे कळलं. चार दिवसांत इकडे एक फेरी मारून जाणार होतात, हेही कळलं. मग सगळंच बंद झालं. पैलवानाला खायला घालायचं काम तुम्ही धोंडुबाईंवर सोपवलं होतं. बरोबरच आहे. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईपेक्षा मांजराला चांगलं कोण मिळणार? त्या रोज सकाळी येऊन तुमच्या परसात वाटी ठेवून जायच्या. मी पडद्याआडून बघायची. शनिवारी त्यांच्या गल्लीत पुण्याहून कोणीतरी आलं, आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले. तेव्हापासून वाटी रिकामी.

पहिले दोन दिवस मी काही केलं नाही. खोटं कशाला लिहू? तुमचं मांजर, तुमची वाटी. काल तो आपल्या मधल्या भिंतीवर येऊन बसला आणि आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायला लागला. ते मांजराचं ओरडणं नव्हतं, भाडं थकलेल्या घरमालकाचं होतं.

दूध ठेवलं, ते प्याला. दुधात भाकरी कुस्करून ठेवली, तर दूध पिऊन भाकरी तशीच. दहीभात ठेवला, त्याचा वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. आमचे हे, म्हणजे तुमचे गुरुसिद्ध भावजी, दारात बसून हसत होते. म्हणाले, "मांजराला काय आपल्या स्वामींनी दीक्षा दिलीय व्हय, दहीभात खायाला?"

तर विचारायचं एवढंच, की तो काय खातो आणि किती खातो? हंबीररावांकडे निरोप दिलात तरी पुरे.

लिहिण्यात चुका असतील. मी संकेश्वरला कन्नड शाळेत शिकले. मराठी अक्षरं तुम्ही अंगणवाडीच्या पाटीवर गिरवून घेतलीत, आमची पवित्रा लहानपणी तुमच्याकडे यायची तेव्हा. "बोलताना हाय-न्हाय म्हण, पर कागदावर आहे-नाही लिही," असं बजावायचात. तसंच लिहिते आहे.

मल्लव्वा


६ एप्रिल

शालूअक्का,

पुडकं मिळालं. चिठ्ठीही मिळाली. "रोज दोन मुठी. भिजवून मीठ काढणे. उकडणे. थंड करून देणे." खाली नाव नाही, वर नाव नाही. अंगणवाडीत खिचडीच्या डब्यावर लावायचात तशी सूचना. पण अक्षर तुमचं होतं, तेवढं बास झालं.

आता त्या पुडक्याचं सांगते. हंबीररावांनी ते कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "वैनी, सांभाळून हं, सुकट हाय." जसं काही आतून उडी मारणार होती. मी अर्धा तास नुसती बघत उभी राहिले. साठ वर्षांत असल्या वस्तूला हात लावला नाही, आणि आता उकडायची म्हणे. घरात देवाची खोली, सासूबाईंच्या वेळेपासूनची भांडी. आत नेणं शक्य नव्हतं. शेवटी परसात तीन विटा मांडल्या, तेलाचा जुना डबा कापून पातेलं केलं, आणि यांनी लाकडं लावून दिली. मी मास्क लावला. सरकार एवढं ओरडून सांगत होतं, पण मास्कचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला.

वास सुटला, अक्का! मासळीबाजार बंद, मटणाची दुकानं बंद, लोक पंधरा दिवस आमटी-भातावर. अशा वेळी सुकटीचा वास, आणि तोही आमच्या घरातून. समोरच्या माडीवरून गणपतराव वाकून बघायला लागले. म्हणाले, "वैनी, वास तुमच्याकडनं येतोय का काय?" हे आतून ओरडले, "व्हय, आज आमच्याकडं पावणं हाईत!" गणपतरावांनी खिडकी लावली नाही. उलट दुसरीही उघडली.

पैलवान खायला बसला. आधी गुरगुरला, जणू मी हिसकावून घेणार. मग डोळे मिटून खाल्लं. वाटी चाटून पुसून ठेवली आणि तिथेच बसून तोंड धुवायला लागला. मी तांब्या घेऊन हात धुवायला उठणार होते, पण त्याचं धुणं होईपर्यंत बसून राहिले. एवढ्या समाधानाने जेवलेलं कोणी मी पवित्राच्या लग्नानंतर या घरात बघितलं नव्हतं.

रोज दोन मुठी देईन. पुडकं पंधरा दिवस पुरेल.

मल्लव्वा


१५ एप्रिल

शालूअक्का,

नात झाली, हंबीररावांनी सांगितलं. क्रांती आणि बाळ दोघी बऱ्या आहेत, तेही सांगितलं. आमच्या दोघांकडून बाळाला आशीर्वाद. यांनी आनंदाने गूळ वाटायला काढला, पण वाटणार कोणाला? मग आम्हीच खाल्ला.

आता नीट बसून वाचा. पैलवान बरा आहे, हे पुन्हा आधी लिहिते.

रविवारी तो आला नाही. सोमवारीही नाही. मी सुकट उकडून ठेवली, कावळ्यांनी नेली. परसात उभी राहून हाका मारल्या. तुम्ही कसं बोलावता ते सात वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय, तसंच बोलावलं. मंगळवारी सकाळी भिंतीवरून आला तो लंगडत. कान फाटलेला, पुढचा पाय सुजलेला. वाटीकडे बघितलंही नाही.

जनावरांचा दवाखाना सुरू आहे, असं गणपतरावांनी माडीवरून सांगितलं. पण न्यायचं कोणी? यांच्या गुडघ्याचं तुम्हाला ठाऊक आहे. मी जाड कापडी पिशवी घेतली, त्याला टॉवेलात गुंडाळून आत बसवलं आणि चालत निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौकात पोलिसाने काठी आडवी धरली.

"ओ मावशी, कुठं निघालाय? पिशवीत काय हाय?"

"पैलवान हाय," मी म्हटलं.

"काय?"

तेवढ्यात पिशवी ओरडली. पोलीस दोन पावलं मागे सरला आणि मग हसायला लागला. "पैलवानानं मास्क न्हाय लावला ते?" म्हणाला. "जावा, पर सावलीसावलीनं जावा. ऊन लई हाय."

डॉक्टरांनी जखम धुतली, सुई दिली, पावडर दिली. आत पू झाला होता. अजून दोन दिवस गेले असते तर पाय गेला असता म्हणाले. कागदावर लिहायला मालकाचं नाव विचारलं. मी तुमचं सांगितलं. "मग तुम्ही कोण?" म्हणाले. मी म्हटलं, शेजारीण. हा शब्द तोंडातून काढायला मला जरा वेळ लागला.

परत येताना चौकाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. चालून दमले नव्हते. पिशवीतल्या मांजराचं वजन कसं असतं, ते कसं एका बाजूला सरकतं, त्याची नखं कापडातून मांडीला कशी लागतात, हे माझ्या हातांना आधीपासून ठाऊक होतं.

अक्का, पैलवानाच्या आधीची तुमची ठकी हरवली नव्हती. मीच नेली होती.

पवित्राला बघायला गोकाकचे पाहुणे आले होते, आठवतं? मुलाची आई पलंगावर बसली होती, पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, आणि मागच्या दाराने ठकी आली. तोंडात माशाचं हे एवढं डोकं. सरळ गेली आणि त्या बाईंच्या पायाशी ठेवलं. बिचारीने भेटच आणली होती. पाहुणे चहाला थांबले नाहीत. आठ दिवसांनी "योग नाही" असं कळवलं. पवित्रा दोन दिवस जेवली नाही. तिचं रडणं ऐकून माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणवाडीत असताना ठकीला पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि मासळीबाजाराच्या मागे सोडलं. जिवाचं काही करायची हिंमत नव्हती. उपाशी मरावं असंही वाटत नव्हतं. निदान खायला मिळेल, म्हणून तिथे.

तुम्ही नऊ दिवस ताटली वाजवत गल्लोगल्ली फिरलात. मग माझ्या दारात येऊन विचारलंत, "मल्लव्वा, खरं सांग, तू काय केलंस का?" आणि मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले, "मला ठाऊक न्हाय."

त्यावर तुम्ही जे बोललात ते सगळ्यांनी ऐकलं. एका मांजरापायी एवढ्या वर्षांची मैत्री तोडली म्हणून सगळी गल्ली माझ्या बाजूने झाली. सात वर्षं मी त्या बाजूला बसून आहे. पवित्राला निपाणीचं चांगलं घर मिळालं, तिथे सुखात आहे. म्हणजे ते गोकाकचं जमलं नाही हे बरंच झालं. म्हणजे ठकीने वाईट काही केलंच नव्हतं. वाईट केलं ते मी.

यांनाही आजपर्यंत सांगितलं नव्हतं. काल घरी आल्यावर सांगितलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग की."

म्हणून लिहिलं. माफी मागायला तोंड नाही. पैलवानाची पावडर दिवसातून दोनदा लावते आहे.

मल्लव्वा


३० एप्रिल

शालूअक्का,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही, पुडकं नाही. हंबीररावांना रोज विचारते. ते बिचारे मान हलवतात आणि कॅनची झाकणं पुसत बसतात. तुमचं बरोबर आहे. मी तक्रार करत नाही.

पण तुमचा राग पैलवानाच्या पोटाला कशाला? सुकट शनिवारी संपली. दोन दिवस त्याला पनीर दिलं. खाल्लं त्याने, पण एखाद्याने औषध घ्यावं तसं. पाय भरून आलाय, अंगात ताकद यायला पाहिजे. म्हणून मी धोंडुबाईंच्या गल्लीत गेले.

बांबूच्या अलीकडे उभी राहून हाक मारली. धोंडुबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या. मला बघून थबकल्याच.

"मल्लव्वा वैनी? तुमी? हिकडं?"

"सुकट पायजे," मी म्हटलं.

बांबूपाशी दूध घ्यायला आलेल्या चार बाया उभ्या होत्या. चौघींनी माना वळवल्या.

"कुणाला, तुमास्नी?" धोंडुबाईंचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे, पलीकडच्या पेठेत गेला असेल.

"शालूअक्काच्या पैलवानाला," मीही तेवढ्याच मोठ्याने म्हटलं. "आन् चांगली द्या. गारगोटीकडनं आलेल्यात खडे निगालते."

धोंडुबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन मोठं पुडकं घेऊन आल्या, काठीच्या टोकाला पिशवी अडकवून बांबूवरून माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "अवो, माजं सगळं दुकान घरात पडलंय. संपली की या. लाजू नगासा." मी निघाले तर मागून पुन्हा हाक मारली. "वैनी, शालूबाई लिवत्यात का तुमास्नी?" मी म्हटलं, न्हाय. तर म्हणाल्या, "लिवतील. त्यांस्नी बी काय तरी लिवायचं असंल." त्याचा अर्थ मला लागला नाही.

सुकट घेऊन भर रस्त्याने घरी आले. काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

पैलवान आता आमच्या कट्ट्यावर झोपतो. हे त्याला पेपर वाचून दाखवतात.

मल्लव्वा


७ मे

अक्का!

तुमचं पत्र काल आलं. मी चार वेळा वाचलं, यांनी दोनदा. तुमचंच लिहिलेलं तुम्हाला पुन्हा वाचून दाखवते, म्हणजे कळेल तुम्ही काय केलंत ते.

"मल्लव्वा, रोज उत्तर लिहायला बसले आन् रोज नातीनं मांडीवरच कारभार केला. ठकीला तू बाजारात सोडलीस हे मला चौथ्याच दिवशी कळलंतं. धोंडूनं तुला पिशवी रिकामी करताना बघितलंतं. तिनं ठकीला आपल्या दुकानाच्या फळीखाली ठेवून घेतली. मी जाऊन बघितलं. ठकी माशाची डोकी खात बसली हुती, मला बघून उठलीसुदीक न्हाय. धोंडू म्हणाली, न्यायची तर न्या. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, माझ्याकडं आमटी-भाकरी खाण्यापरीस हितं राज्य करतीया. चार वर्सं तिथं ऱ्हायली, लेकरं झाली, म्हातारी हून झोपेत गेली. तुला इचारायला आले ते ठकीसाठी न्हाय. तू मला खरं सांगतीस का ते बघायला आले. आन् तू लिंगावर हात ठिवलास. मांजराचं मी सोडून दिलंतं, पर तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस ते सोडवंना. आता तुझं पत्र आल्यावर इचार करतीया. तू खोटं बोललीस ते एक दिवस. मी खरं ठाऊक असून सात वर्सं गप ऱ्हायले. ठकी बरी हाय एवढं जरी म्हटलं असतं तर माझं काय झिजलं असतं? तू तळतळत बस असंच मला वाटत हुतं. मास्तरीण म्हणवून घेती मी, आन् असली शिक्षा. माझं बी चुकलं, मल्लव्वा. सुकट पाठवतीया. पैलवानाचा पाय कसा हाय?"

पाय बरा आहे. पण अक्का, तुम्ही बाई आहात की कोण आहात? चौथ्या दिवशी कळलं, तर नवव्या दिवसापर्यंत ताटली वाजवत का फिरत होतात? तेव्हाच वाटलं होतं मला, माझ्या दारासमोर ताटली जरा जास्तच जोरात वाजते आहे! मी सात वर्षं ठकीचं पाप घेऊन फिरते आहे. प्रत्येक श्रावणात सगळे सोमवार कडक धरले. भटक्या मांजरांना मागच्या दाराने दूध घातलं. स्वप्नात ती मासळीबाजारात उपाशी ओरडताना दिसायची. आणि ती तिथे राज्य करत होती!

काल संध्याकाळी मी एवढी चिडले होते की भांडी आपटली. हे म्हणाले, "अगं साकु आता, फुटतील." आमच्याकडे पुरे झालं म्हणायला कन्नडातला हाच शब्द चालतो, आणि यांनी तो जन्मभर मलाच ऐकवला आहे. मग हे हसायला लागले. मी म्हटलं हसता कशाला? तर म्हणाले, "तू ठकीला स्वर्गात सोडून आलीस आन् सात वर्सं नरकात बसलीस." मलाही हसू आलं. हसता हसता रडूही आलं, आणि पैलवान आपला दोघांकडे बघत बसला होता, यांना झालंय तरी काय म्हणून.

"मास्तरीण" म्हणवता आणि पत्रात सगळं हाय-न्हाय लिहिलंत. माझ्या पाटीवर काट मारायचात. मीही लाल पेनाने काट मारून पत्र परत पाठवणार होते. पण पाठवलं नाही, ठेवून घेतलं.

बाळाचं नाव काय ठरलं? सुकट दोन्हीकडची मिळून महिनाभर पुरेल. तुम्ही मात्र लवकर या.

तुमची मल्लव्वा


२६ मे

अक्का,

तुम्ही भिंतीपलीकडे दहा पावलांवर आहात आणि मी पत्र लिहिते आहे, याला हे वेडेपणा म्हणतात. पण बाहेरगावाहून येईल त्याने चौदा दिवस दाराबाहेर यायचं नाही, असं गल्लीच्या समितीने ठरवलंय, आणि मास्क लावून भिंतीवरून बोललेलं तुम्हाला कमी आणि गणपतरावांना जास्त ऐकू जातं. म्हणून ताटाखाली चिठ्ठी.

परवा एस.टी.ने आलात, रिक्षातून उतरलात, सात वर्षांनी माझ्याकडे सरळ बघितलंत, आणि पहिलं वाक्य काय? "मल्लव्वा, पैलवान लई जाड केलास गं!" मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. सगळं विसरले. "मग काय उपाशी ठिवू?" एवढंच तोंडातून आलं. गल्लीतले लोक खिडक्यांतून बघत होते. त्यांना काहीतरी मोठं घडेल असं वाटलं होतं. निराश झाले बिचारे.

आता माझा दिवस असा जातो. आठ वाजता पैलवानाची वाटी, नऊ वाजता तुमचं ताट. दोघांच्या तक्रारी सारख्याच असतात. त्याला सुकट जरा कोमट लागते, तुम्हाला आमटीत मीठ कमी लागतं. कालचा तुमचा कागद, "दोडका पुन्हा नको," आम्ही भिंतीवर चिकटवून ठेवलाय.

आणि आजचा कागद. "मल्लव्वा, दोन महिने लेकीच्या सासरी बाळंतिणीचं पथ्य खाऊन तोंडाची चव गेलीय. सुकटीची चटणी करशील का? सांगते तशी कर."

मांजरासाठी उकडणं वेगळं आणि माणसासाठी कांद्या-लसणात परतणं वेगळं. मी विटांसमोर बसून जरा विचार केला. मग म्हटलं, उकडताना देव कोपला नाही, तर फोडणीने काय कोपणार? तुम्ही भिंतीपलीकडून ओरडून सांगत होतात, "कांदा लाल होऊ दे! आता तिखटाची चटणी टाक! आगं हलीव, करपंल!" आणि मी इकडे मास्क लावून, तोंड फिरवून हलवत होते. गणपतरावांनी माडीवरून ताटली खाली सोडली, दोरी बांधून. दिली त्यांना चमचाभर.

तुम्ही ताट परत पाठवलंत, त्यावर काही लिहिलं नव्हतं. पण ताट पैलवानाच्या वाटीसारखं पुसून आलं होतं.

म.


७ जून

शालूअक्का,

आज चौदा दिवस झाले. समितीवाले सकाळी येऊन गेले, तुमच्या दारावरचा कागद काढला. तुम्ही अंगण झाडायला घेतलंत ते मी बघितलं. अजून इकडे आला नाहीत, आणि मीही तिकडे आले नाही. दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालंय, हे मला कळतं. दहा पावलं लांब असताना सोपं होतं.

पैलवानाचं ठरवू. तो तुमचा आहे. पण रात्री यांच्या खुर्चीत झोपतो आणि यांना उठवलं तरी त्याला उठवता येत नाही. सकाळी तुमच्याकडे खाऊन पुन्हा आमच्याकडे येऊन उपाशी असल्याचं नाटक करतो. काल दोन्हीकडे जेवला, मी बघितलं. म्हणून आता वेळ वाटून घेऊ. सकाळचं तुमच्याकडे, संध्याकाळचं माझ्याकडे. विटा मी मोडलेल्या नाहीत.

धोंडुबाईंची गल्लीही उघडली. दुकान लावायच्या आधी इकडे डोकावून गेल्या. ठकी ज्या फळीखाली राहायची ती दाखवते म्हणाल्या. मी जाणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलून सांगता येणार नाही म्हणून लिहिते.

आपलं बोलणं बंद पडायच्या आधी बावीस वर्षं आपण शेजारी होतो. माझ्या घरची शेंगांची पोळी, गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी, धपाटे तुम्ही पोटभर खाल्लेत. माझ्या बाळंतपणात तुम्ही माझ्या चुलीपाशी उभ्या राहून मला डिंकाचे लाडू करून घातलेत, माझ्या भांड्यांत. पण तुमच्या घरी मी चहाशिवाय कधी काही घेतलं नाही. पाणीसुद्धा घरून पिऊन यायची. तुम्ही ताट वाढायला लागलात की मला उपास असायचा, नाहीतर पोट भरलेलं असायचं. एवढे उपास जगात कोणी केले नसतील. तुम्हाला कळत होतं. एकदाही बोलला नाहीत. उलट मी येणार असले की कपबशी राखेने घासून वेगळी ठेवायचात. ती मला दिसायची.

गेले दोन महिने त्या तीन विटांसमोर बसले की हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. मांजरासाठी मला जे करता आलं ते तुमच्यासाठी करता आलं नाही.

आज दुपारी मी आणि हे तुमच्याकडे जेवायला येतो आहोत. मासे-मटण मी खाणार नाही, ते या जन्मात व्हायचं नाही, तुम्हीही आग्रह करू नका. वरण-भात करा, आणि तुमच्या हातचा खर्डा. तुम्ही रोज ज्या पातेल्यात करता त्याच पातेल्यात करा.

वेगळं काही घासू नका.

तुमची
मल्लव्वा